जागणारी किल्ली

किल्ली ही आपल्या संसारांतली फार जुनी वस्तु. घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, आणि तो सुनेच्या हातीं केव्हां जावयाचा याचा विचार कित्येक घरांत वर्षानुवर्षें मूकपणें चाले. कोठीची, तिजोरीची, देवघरांतल्या पेटीची, अशी प्रत्येकीची ओळख निराळी. परंतु या सर्व किल्ल्यांत एक गुण समान होता. काम झालें, खुंटीवर टांगली, म्हणजे ती निव्वळ लोखंडाचा तुकडा होई. दहा वर्षें टांगून ठेविली तरी ती कांहीं खात नसे, पीत नसे, कोणाशीं बोलत नसे.

आज मोटारीबरोबर मिळणारी किल्ली या जातीची नव्हे. ती खिशांतच राहते. मालकानें दाराच्या मुठीस हात लाविला कीं दार उघडतें, आणि आंत बसून, ब्रेकवर पाय ठेवून बटन दाबलें कीं एंजिन सुरू होतें. विक्रेते तिला स्मार्ट की म्हणतात. ही किल्ली खुंटीवर टांगली तरी निजत नाहीं. ती ऐकत असते. ऐकत राहणें हेंही एक काम आहे आणि त्यालाही शक्ति लागते. ही साधी गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें कित्येक घरांत किल्लीचा घट लवकर संपतो, कधीं मोटारीची बॅटरीच उतरते, आणि कारण मात्र कोणाला उमगत नाहीं. त्या कारणाचा शोध हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

दुरून कुलूप उघडण्याची कल्पना एकाएकीं अवतरलेली नाहीं. १९८२ सालीं फ्रान्समधील रेनॉ कंपनीनें आपल्या फुएगो मोटारीस बटन दाबून दुरून दार उघडण्याची सोय केली. तेथें निदान बटन तरी दाबावें लागे. माणसानें सांगितलें तरच किल्ली बोले. १९९३ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकन मोटारींत, किल्ली जवळ आल्याबरोबर दार आपण होऊन उघडण्याची योजना आली. त्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझनें किल्ली खिशांत ठेवूनच एंजिन सुरू करण्याची सोय आपल्या मोठ्या मोटारींत दिली. पुढें ही सोय उतरत उतरत आपल्याकडील मध्यम किमतीच्या मोटारींपर्यंत येऊन पोंचली.

या किल्लीचें आणि मोटारीचें संभाषण दोन निरनिराळ्या लहरींवर चालतें. मोटार हांक मारते ती बहुधा १२५ किलोहर्ट्झच्या आसपास. रेडिओच्या मध्यम लहरींहूनही ही पट्टी पुष्कळ खालची. हिचा परिणाम मुख्यतः चुंबकीय असतो आणि अंतर वाढलें कीं तो फार झपाट्यानें क्षीण होतो. मीटर-दोन मीटरांपलीकडे हांक ऐकूं जात नाहीं. हाच तिचा उपयोग. हांक ऐकूं आली याचा अर्थ किल्ली जवळ आहे. किल्लीच्या पोटांत बारीक तारेचीं वेटोळीं असतात. त्यांत ती हांक उमटली कीं किल्ली जागी होते आणि उंच पट्टींत उत्तर देते. भारतांत व युरोपांत बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, अमेरिकेंत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झवर. मोटार प्रत्येक वेळीं नवा प्रश्न विचारते, किल्ली आपल्या जवळच्या गुप्त संख्येच्या साहाय्यानें त्याचें उत्तर काढते, आणि उत्तर जुळलें तरच दार उघडतें. हा सारा प्रकार डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच आटपतो.

आतां या किल्लीची शिदोरी केवढी असते तें पाहावें. तिच्यांत नाण्याएवढा एक घट असतो. पुष्कळ किल्ल्यांतील घटावर सीआर २०३२ अशी खूण दिसते. सी म्हणजे लिथियम व मँगॅनीज डायऑक्साइड यांचा घट, आर म्हणजे गोल, २० म्हणजे वीस मिलिमीटर व्यास, आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट, सांठा सुमारें २२० मिलिअँपिअर-तास. हा सांठा दोन वर्षें पुरवावयाचा म्हणजे १७,५२० तास पुरवावयाचा. भागाकार केला असतां सरासरी खर्च एका मिलिअँपिअरच्या सुमारें ऐंशीव्या भागाहून अधिक होतां कामा नये. एवढ्याशा प्रवाहावर किल्ली अहोरात्र कान देऊन बसते, हें तिच्या कर्त्यांचें कसब खरेंच. पण वारंवार जागें करून तिला बोलावयास लाविलें आणि सरासरी खर्च चौपट झाला, तर दोन वर्षांचा घट सहा महिन्यांत संपेल, हें गणित चौथीच्या मुलासही सुटावें.

टोयोटा कंपनीच्या पुस्तिकांत या घटाचें आयुष्य एक ते दोन वर्षें सांगितलें आहे. शिवाय दूरदर्शन संच, संगणक, मोबाइलचा चार्जर, टेबलावरचा दिवा, इंडक्शन शेगडी अशा उपकरणांच्या एक मीटरच्या आंत किल्ली ठेवूं नये अशी सूचनाही आहे. या उपकरणांभोंवतीं चुंबकीय क्षेत्र असतें आणि किल्लीच्या कानीं तो गलबला सारखा पडत राहतो. बाजारांतून आल्यावर किल्ली दूरदर्शनच्या शेजारीं टाकावयाची ही अनेक घरांची रीत. तेथें घट लवकर संपला, तर त्यांत नवल नाहीं.

हा झाला किल्लीचा खर्च. याहून मोठा खर्च मोटारीच्या बाजूला होऊं शकतो, आणि तो कसा, हें नाशिकच्या एका कुटुंबाच्या अनुभवावरून चांगलें कळेल.

गंगापूर रोडच्या बाजूला या कुटुंबाचा लहानसा बंगला आहे. घरांत निवृत्त झालेले अण्णा, त्यांच्या पत्नी माई, सातपूरच्या कारखान्यांत जाणारा मुलगा, सून आणि नातू. माईंना दम्याचा जुना विकार. रात्रीबेरात्रीं इस्पितळांत न्यावें लागेल, म्हणून मुलानें नवी मोटार घेतली तेव्हां अण्णांनीं स्वतः हातोडी घेऊन दाराजवळच्या भिंतींत एक खुंटी ठोकली. किल्ली तेथेंच राहावयाची असा त्यांचा दंडक. अंधारांतही हात थेट किल्लीवर जावा, शोधाशोध होऊं नये, हा हेतु. भिंतीच्या पलीकडे पोर्च, आणि पोर्चमध्यें मोटार. खुंटीपासून मोटारीचें दार जेमतेम तीन-चार फुटांवर.

मुलगा कारखान्याच्या बसनें जाई. मोटार कधीं बाजारापर्यंत, कधीं दोन-तीन दिवस जागच्या जागीं. सहा महिन्यांत बॅटरी उतरली. दुकानदारानें ती सदोष म्हणून बदलून दिली. चार महिन्यांनीं दुसरीही उतरली. कोणी म्हणालें, हल्लीं मालच हलका येतो. शेजारच्या एका बाईंनीं बाहेरची बाधा असेल असें सुचविलें, आणि मोटारीच्या पुढच्या बाजूस लिंबू-मिरच्या आल्या. त्यांनीं कोणाचें वाईट झालें नाहीं. बॅटरीचें भलेंही झालें नाहीं.

मग एके रात्रीं दोनच्या सुमारास माईंचा श्वास कोंडला. अण्णांचा हात ठरल्याप्रमाणें थेट किल्लीवर गेला. पण मोटारीचें दार उघडेना. मुठीस हात लावून पाहिला, बटन दाबून पाहिलें. मोटार दगडासारखी निपचित. किल्लीच्या पोटांत एक साधें धातूचें पातें लपविलेलें असतें आणि त्यानें दार हातानें उघडतां येतें, हें घरांत कोणास ठाऊक नव्हतें. अर्थात् दार उघडलें असतें तरी एंजिन फिरलें नसतेंच. शेवटीं शेजारच्या गृहस्थांनीं आपली जुनी, साध्या किल्लीची गाडी काढली आणि माई वेळेवर इस्पितळांत पोंचल्या. तिसऱ्या दिवशीं त्या सुखरूप घरीं आल्या. परंतु ती रात्र अण्णांच्या मनांतून जाईना. ज्या गोष्टीसाठीं एवढी तयारी केली, नेमकी तीच ऐन वेळीं फसली होती.

या वेळीं त्यांनीं नवी बॅटरी आणावयाच्या आधीं एका अनुभवी मिस्त्रीस बोलाविलें. मिस्त्रीनें बॅटरी भरून घेतली, सर्व दारें बंद करून मोटारीस कुलूप घातलें, आणि बॅटरीच्या ऋण टोंकाच्या तारेभोंवतीं, अगदीं थोडा एकदिश प्रवाहही मोजूं शकणारा क्लँप मीटर अडकविला. मग तो स्वस्थ बसून राहिला. अण्णांना हें नवल वाटलें. तो म्हणाला, "अण्णा, आजकालची गाडी लहान मुलासारखी आहे. दार लावल्याबरोबर झोंपत नाहीं. अर्धा तास द्या तिला."

हें त्याचें म्हणणें यथार्थ होतें. आधुनिक मोटारींत अनेक लहान लहान नियंत्रक यंत्रें असतात. मोटार बंद केल्यावर तीं एकामागून एक निजतात आणि पांच-दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत प्रवाह पायरीपायरीनें उतरत जातो. सगळीं निजल्यावर पहारा, घड्याळ वगैरेंसाठीं कांहीं थोडा प्रवाह उरतोच. तो साधारणतः ५० मिलिअँपिअरच्या आंत असावा असा कारागिरांचा ठोकताळा आहे. येथें अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, तरी मीटरचा आंकडा ०.४ अँपिअरच्या आसपासच घुटमळत राहिला.

मिस्त्रीनें फ्यूज एकेक करून काढून पाहिले. दिव्यांचा काढला, रेडिओचा काढला. आंकडा हलला नाहीं. कुलुपाच्या व किल्लीच्या यंत्रणेचा फ्यूज काढतांच मात्र तो खालीं आला. त्यानें फ्यूज परत बसविला आणि विचारलें, "अण्णा, किल्ली कुठं आहे?"

"आपल्या जागेवर. खुंटीला."

"आणि ती खुंटी?"

अण्णांनीं भिंतीकडे बोट दाखविलें. मिस्त्रीनें भिंतीकडे पाहिलें, मोटारीकडे पाहिलें, आणि नातवाला सांगितलें, "बाळ, ती किल्ली घे आणि गल्लीच्या टोंकाला मारुतीच्या देवळांत जाऊन बस. बोलावीपर्यंत येऊं नकोस."

अर्ध्या तासानें मीटरवर ०.०२ हा आंकडा होता. नातवाला परत बोलाविलें. त्यानें किल्ली खुंटीस अडकविली आणि आंकडा पुन्हां चढला. दुसरें प्रमाण नको होतें. ती मोटार धनी जवळ येतांच दिवे लावून स्वागत करणाऱ्या जातीची होती. अशा मोटारीला किल्ली कोठें आहे याचा कानोसा घेत राहावें लागतें. विटांची भिंत त्या चुंबकीय हांकेला अडवीत नाहीं. किल्ली पलीकडून उत्तर देई, धनी आला असें समजून मोटारीचीं यंत्रें जागीं होत, धनी दिसेना म्हणून पुन्हां हांक जाई. दिवसरात्र तो संवाद चालला होता. सर्वच मोटारींत असें होतें असें मात्र नव्हे. पुष्कळ मोटारी मुठीस हात लागेपर्यंत हांक मारीतच नाहींत, आणि कांहीं मोटारी किल्ली बराच वेळ तशीच पडून आहे असें पाहून हांका आपण होऊन बंद करितात.

या दोन आंकड्यांतील अंतराचा हिशेब अण्णांनीं त्याच दुपारीं कागदावर मांडला. ०.४ अँपिअर म्हणजे १२ व्होल्टांवर सुमारें पांच वॉट. एखाद्या बारीक रात्रदिव्याएवढा खर्च. पण तीन दिवसांचे ७२ तास धरले तर २८.८ अँपिअर-तास गेले. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. म्हणजे जवळजवळ दोनतृतीयांश रिकामी. उलट ०.०२ अँपिअरनें रोजचा खर्च ०.४८ अँपिअर-तास, आणि तेच २८.८ अँपिअर-तास जावयास ६० दिवस लागले असते. दोन महिन्यांचा खर्च तीन दिवसांत होत होता.

पहिल्या दोन बॅटऱ्या कशा गेल्या हेंही यावरून कळून आलें. शिशाच्या बॅटरींतून वीज काढली कीं तिच्या पत्र्यांवर लेड सल्फेटाचा थर बसतो. लगेच भरली तर तो विरून जातो. पण बॅटरी रिकामी तशीच पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढी धारणशक्ति कायमची जाते. बाजारापर्यंतच्या दोन किलोमीटरांच्या फेरींत अल्टरनेटर तरी कितीसें भरून काढणार? दुकानदाराचा माल बहुधा चांगलाच होता.

प्रत्येक उतरलेल्या बॅटरीचा दोष किल्लीवर ढकलणें हेंही तितकेंच चुकीचें होईल. डिकींतला न विझणारा दिवा, मागाहून बसविलेला कॅमेरा किंवा स्थान सांगणारें यंत्र, अडकून राहिलेला रिले, अशीं कारणें पुष्कळ असतात. आणि कधीं निव्वळ काळच कारण असतो. २०२० सालीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. पहिल्या २१ दिवसांत ०.०२ अँपिअरवाल्या निरोगी मोटारीचे सुमारें १० अँपिअर-तास खर्च झाले, तें कांहीं फार नव्हे. पण टाळेबंदी ३१ मेपर्यंत वाढत गेली, आणि जी मोटार ते ६८ दिवस हललीच नाहीं तिचे ३२ अँपिअर-तासांहून अधिक गेले. बॅटरीची स्वतःची झीज आणि उन्हाळा निराळाच. त्या वर्षीं दारोदार निपचित मोटारी दिसल्या त्यांत कसलेंही गूढ नव्हतें.

त्याचप्रमाणें किल्ली मुकी झाली म्हणजे तिचा घटच संपला असेंही नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील ओहायो राज्यांत, नॉर्थ ओल्मस्टेड गांवच्या एका वस्तींत अनेकांच्या मोटारींच्या किल्ल्या आणि गॅरेजांचीं दारें उघडणारीं यंत्रें एकदम चालेनाशीं झालीं. शोध घेतां घेतां लोक एका घरापर्यंत पोंचले. तेथील रहिवाशानें, आपण तळघरांत असतां वर कोणी आलें आहे कीं काय हें कळावें म्हणून, एक यंत्र घरीं तयार केलें होतें, आणि तें ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपास सारखें बोलत होतें. त्या गलबल्यांत किल्ल्यांचा आवाज बुडून जाई. त्या बिचाऱ्याच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. आपल्यामुळें असें होत आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. यंत्र बंद होतांच किल्ल्या पुन्हां बोलूं लागल्या.

या जागरणाचा आणखी एक धोका आहे, तो चोरीचा. २०११ सालीं झुरिकच्या तंत्रविद्यापीठांतील संशोधकांनीं ८ कंपन्यांच्या १० मोटारींवर प्रयोग करून दाखविला. मोटारीची हांक एका यंत्रानें उचलून घरांतल्या किल्लीपर्यंत नेली कीं किल्ली इमानानें उत्तर देते, आणि धनी झोंपेंत असतां दार उघडतें. दहाही मोटारी फसल्या. म्हणून पुढें कांहीं कंपन्यांनीं किल्लींत हालचाल ओळखणारें साधन घातलें. किल्ली थोडा वेळ निश्चळ राहिली कीं ती खरोखरच निजते आणि हातीं घेतली कीं जागी होते. त्यानें घट वांचतो आणि चोरालाही उत्तर मिळत नाहीं. टोयोटाच्या अनेक किल्ल्यांत ही निद्रा हातानेंही आणतां येते. कुलूप लावण्याचें बटन दाबून धरून उघडण्याचें बटन दोनदां दाबावयाचें. प्रत्येकानें आपल्या मोटारीची पुस्तिका याकरितां एकदां तरी उघडून पाहावी.

ज्यांच्या किल्लींत अशी सोय नाहीं त्यांना उपाय सोपा आहे, आणि तो म्हणजे अंतर. मोटारीपासून चार-पांच मीटर दूर किल्ली ठेवावी, दुसरी किल्लीही तशीच ठेवावी. धातूचा झांकणाचा डबाही उपयोगी पडतो. मात्र किल्ली डब्यांत घालून, डबा हातीं घेऊन दाराच्या मुठीस हात लावावा. दार उघडलें नाहीं तर डबा कामाचा. किल्लींतलें पातें कसें निघतें हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसानें दिवसाउजेडीं एकदां करून पाहावें. किल्लीचा घट संपला, पण मोटारीची बॅटरी ठीक आहे, अशा वेळीं बहुतेक मोटारींत किल्ली सुरू करण्याच्या बटनाला, किंवा पुस्तिकेंत सांगितलेल्या जागीं टेंकविली तर एंजिन सुरू होतें. मोटारच तेवढ्यापुरती तिला शक्ति पुरविते.

आणि काढलेला जुना घट टेबलावर टाकून ठेवूं नये. तो मुलानें गिळला व अन्ननलिकेंत अडकला तर दोन तासांच्या आंतही आंत गंभीर जखम होऊं शकते. किल्ली चालविण्यास निकामी झालेला घटही ही इजा करूं शकतो. तशी शंका आली तरी वेळ न घालवितां इस्पितळ गांठावें.

नाशिकच्या त्या घरांत माईंचा जुना पितळी पानाचा डबा होता. पान सोडल्यापासून तो रिकामाच असे. अण्णांनीं वरील परीक्षा घेतली, दार उघडलें नाहीं, आणि तेव्हांपासून मोटारीची किल्ली त्या डब्यांत, घराच्या दुसऱ्या टोंकाला माईंच्या उशाशीं असते. दाराजवळच्या खुंटीवर आतां छत्री टांगलेली असते. दर रविवारीं मुलगा आईवडिलांना घेऊन त्र्यंबकच्या रस्त्यानें तासभर मोटार फिरवून आणतो. बॅटरीलाही तें मानवतें. निघण्यापूर्वीं माई डबा उघडून किल्ली मुलाच्या हातीं देतात, आणि परत आल्यावर मोजून घ्यावी तशी मागून घेतात.